रूळ गेले, वाट राहिली

श्रोतेहो, रेल्वे येते तेव्हा साऱ्या गावाला कळते. मोजणीदार येतात, शिवारात खुंट्या ठोकल्या जातात, भराव पडतो, पूल उभे राहतात आणि एके दिवशी इंजिनाची शिट्टी ऐकू येते. रेल्वे जाते तेव्हा मात्र गाजावाजा होत नाही. आधी गाड्या कमी होतात, मग स्टेशनाला कुलूप लागते, पुढे रूळ उखडून नेले जातात. मागे उरतो तो एक लांबच लांब ओसाड भराव. त्यावर बाभळी उगवतात. कोणी खडी उचलून नेतो, कोणी आपला बांध दर साली हातभर पुढे सरकवतो. वीस-पंचवीस वर्षांनी, इथून एकेकाळी गाडी जात होती हे लेकरांना सांगूनही खरे वाटत नाही.

अशा बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे करायचे काय, हा प्रश्न अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तिथल्या लोकांनी त्याला जे उत्तर शोधले, त्याची हकीकत आज सांगायची आहे. ती मुख्यत्वे मिसूरी राज्यातल्या ‘केटी ट्रेल’ नावाच्या एका वाटेची आहे. मुलूख परका असला तरी या हकीकतीत नदी आहे, पूर आहे, शेतकरी आहे आणि जमिनीवरून झालेली कोर्टकचेरीही आहे. तेव्हा ती समजायला आपल्याला जड जाऊ नये.

आधी या प्रश्नाचा आवाका पाहू. १९१६ साली अमेरिकेत रेल्वेचे जाळे सर्वांत मोठे होते. तेव्हा तिथे सुमारे २,५४,००० मैल लांबीचे मार्ग होते. त्या काळी कंपन्या खाजगी, एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या. एकाच दोन गावांमध्ये दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांचे रूळ पडले होते. पुढे मोटार आली, पक्के रस्ते झाले, माल ट्रकने जाऊ लागला. मग एकेक फाटा तोट्यात जाऊन बंद पडू लागला. १९८० साली रेल्वेवरचे सरकारी निर्बंध सैल झाले, तेव्हा कंपन्यांना तोट्याचे मार्ग सोडून देणे आणखी सोपे झाले.

आता कोणी म्हणेल, बंद पडले तर पडू द्या. रूळ भंगारात विका आणि जमीन नांगरून टाका. यात चूक काय? हे नीट कळायचे तर रेल्वेची ती चिंचोळी पट्टी कशी तयार होते, ते पाहायला हवे.

रेल्वेचे चाक पोलादाचे आणि रूळही पोलादाचा. गुळगुळीतावर गुळगुळीत. त्यामुळे सपाटीवर गाडी ओढायला फार थोडा जोर लागतो. एक टन, म्हणजे हजार किलो वजन सपाट रुळांवरून ओढायला साधारण दोन किलोचा जोर पुरतो. पण जरा चढ आला की हिशोब पार बदलतो. शंभर फुटांत एक फूट असा चढ आपल्याला पायाखाली जाणवतही नाही. गाडीला मात्र त्या चढावर दर टनामागे आणखी दहा किलोचा जोर लावावा लागतो. म्हणजे दोनाचे झाले बारा. ओझे तेच, पण मेहनत सहापट. खंडाळ्याच्या घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. तिथे हाच आकडा एकोणतीसच्या घरात जातो. म्हणून कर्जतला गाडी थांबते आणि मागून जादा इंजिने लागतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा रेल्वे बांधणाऱ्या इंजिनिअरला चढ टाळण्यावाचून गत्यंतर नसते. टेकडी आली की तो ती कापतो किंवा बोगदा पाडतो. खोलगट भाग आला की भराव घालतो. ओढ्यावर मोरी, नदीवर पूल, आणि वळण घ्यायचे तर तेही लांबून, सावकाश. एवढे सगळे करून जी पट्टी तयार होते, ती मैलोन् मैल जवळजवळ सपाट असते. म्हातारा माणूस तिच्यावरून न धापता चालेल आणि दहा वर्षांचे पोर सायकल चालवील. मुद्दाम बांधायला गेले तर असा पायरस्ता कोणत्याच पंचायतीला परवडणार नाही. रेल्वेने तो आयता मागे टाकलेला असतो.

पण बरं का, या पट्टीची खरी किंमत तिच्या सपाटपणाहूनही तिच्या सलगपणात आहे. शंभर मैलांची पट्टी जमवायला शेकडो जमीनमालकांशी बोलणी झाली, खरेदीखते झाली, करार झाले. मध्येच एखादा फर्लांग गेला, एखादा पूल पाडला की उरलेल्या नव्याण्णव मैलांची किंमत निम्म्याहून कमी होते. शिवाय मोडलेली पट्टी पुन्हा जोडायची म्हटली तर ते जवळजवळ अशक्य. तोवर कुठे घर उभे राहिलेले असते, कुठे गोदाम, कुठे बाग. माळेचा दोरा एकदा तुटला की मणी पुन्हा गोळा करणे किती कठीण, हे घरोघरच्या बायामाणसांना सांगायला नको.

हे ज्यांच्या लवकर ध्यानात आले त्यांत मे थीलगार्ड वॉट्स या बाई होत्या. त्या शिकागोजवळ वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या. १९६३ साली त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राला एक पत्र लिहिले. शहराच्या पश्चिमेला विजेवर चालणारी एक रेल्वे बंद पडली होती. तिची पट्टी मोडू न देता लोकांना चालण्यासाठी राखावी, असे त्यांनी सुचवले. एका पत्रावरून माणसे गोळा झाली आणि ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ ही वाट तयार झाली. त्याच सुमारास विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा बत्तीस मैलांचा बंद मार्ग राज्य सरकारने विकत घेतला आणि १९६७ साली तो वाट म्हणून लोकांना खुला केला. त्या मार्गावर तीन बोगदे आहेत. त्यांतला सर्वांत मोठा सुमारे पाऊण मैल लांब. आत भर उन्हाळ्यातही अंधार आणि गारवा. सायकलीवरून उतरून, हातात दिवा घेऊन तो पार करावा लागतो.

आता मिसूरीकडे वळू. ‘मिसूरी–कॅन्सस–टेक्सस’ नावाची एक रेल्वे कंपनी होती. तिच्या आद्याक्षरांतल्या ‘के’ आणि ‘टी’ यांवरून लोक तिला लाडाने ‘केटी’ म्हणत. तिचा एक मार्ग मिसूरी नदीच्या काठाकाठाने जाई. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला चुनखडीचे उंच कडे आणि मधल्या गाळाच्या जमिनीत मक्याची आणि सोयाबीनची शेते. रोशपोर्ट नावाच्या गावाजवळ कडा थेट नदीला भिडतो. तिथे १८९३ साली २४३ फुटांचा एक दगडी बोगदा पाडावा लागला.

नदीकाठी राहणाऱ्याला नदीचे सगळेच सोसावे लागते. पुराने या मार्गाला वारंवार छळले. १९८६ च्या ऑक्टोबरात मोठा पूर आला आणि मार्ग जागोजागी नादुरुस्त झाला. दुरुस्तीला पैसे घालण्यापेक्षा कंपनीने आपल्या गाड्या दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून वळवल्या. नदीकाठचा मार्ग त्या दिवसापासून मुका झाला.

अशा वेळेसाठी अमेरिकेच्या संसदेने १९८३ साली एक तरतूद करून ठेवली होती. तिला ‘रेलबँकिंग’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मार्ग ठेव म्हणून ठेवणे. रेल्वे कंपनीला मार्ग नको झाला, आणि एखादे राज्य सरकार, नगरपालिका किंवा संस्था त्याची जबाबदारी घ्यायला पुढे आली, तर तो मार्ग कायद्याने ‘सोडून दिलेला’ मानायचा नाही. रूळ निघाले तरी पट्टी सलग राहते, आणि उद्या देशाला तिथे पुन्हा रेल्वे हवी झाली तर ती घालता येते. मधल्या काळात लोकांनी त्या पट्टीवरून चालावे, सायकली फिरवाव्यात. मिसूरी राज्याने याच तरतुदीखाली केटीचा मार्ग मागितला.

इथे खऱ्या वादाला तोंड फुटले, आणि ग्रामीण श्रोत्यांनी हा भाग लक्षपूर्वक ऐकावा असा आहे.

अनेक ठिकाणी या मार्गाखालची जमीन रेल्वेने विकत घेतलेली नव्हती. शेतकऱ्याच्या आजा-पणजाने रेल्वेला केवळ वहिवाटीचा हक्क दिला होता. जमीन माझी, तुम्ही तिच्यावरून गाडी न्या, एवढाच त्याचा अर्थ. तिथल्या जुन्या कायद्याप्रमाणे गाडी बंद झाली की वहिवाट संपते आणि जमीन पुन्हा पूर्णपणे मालकाकडे येते. शेतकरी म्हणाले, “आमच्या वाडवडिलांनी वाट दिली ती गाडीला. सायकलवाल्यांना कधी दिली? गाडी गेली, आता आमची जमीन आम्हांला परत द्या.”

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे मुळीच नव्हते. ज्याचे शेत रुळांमुळे दोन तुकड्यांत विभागले गेले, तो कधीतरी दोन्ही तुकडे एक होतील या आशेवर असतो. त्यातून नव्या काळज्या. गाडी दिवसातून दोनदा येई आणि निघून जाई. माणसे मात्र दिवसभर येणार. कोणी कुंपण मोडील, कोणी कचरा टाकील, कोणाचे कुत्रे गुरांच्या मागे लागेल. आपल्याकडे पांदण रस्त्यावरून दोन सख्ख्या भावांत किती पिढ्या वैर चालते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या काळज्या समजावून सांगायला नकोत.

प्रकरण न्यायालयात गेले. मिसूरीतल्या जमीनमालकांनी कायद्यालाच आव्हान दिले. १९८९ साली तिथल्या अपील न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तसाच एक दावा व्हर्माँट राज्यातून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. पट्टी राखून ठेवण्याचा कायदा योग्य आहे, संसदेला तसा अधिकार आहे. मात्र त्यामुळे कोणाच्या मालकीवर घाला पडत असेल, तर त्याने सरकारकडे नुकसानभरपाई मागावी, आणि ती मागण्याची वाट त्याला मोकळी आहे.

या दुसऱ्या वाक्याला पुढे चांगलाच अर्थ आला. १९९६ साली व्हर्माँटच्या त्या मालकांच्या बाजूने निकाल लागला, की सरकारने त्यांची मालमत्ता घेतली आहे आणि तिचा मोबदला दिला पाहिजे. २००० साली मिसूरीतल्या काही जमीनमालकांनाही असाच न्याय मिळाला. २०१४ साली वायोमिंग राज्यातला एक निराळा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १८७५ च्या एका कायद्याखाली सरकारने रेल्वेला दिलेल्या वाटेबद्दल तो होता. रेल्वेने ती वाट पूर्णपणे सोडून दिल्यावर तिचा हक्क संपतो आणि जमीन मालकाची मोकळी होते, असे न्यायालयाने ठरवले. थोडक्यात काय, तर सार्वजनिक हित मोठे आहे म्हणून शेतकऱ्याने ते फुकट सोसावे, असे तिथल्या न्यायालयांनी म्हटले नाही. वाट राहू द्या, पण तिचे मोल द्या, असे म्हटले. हा निवाडा मला मोठा मोलाचा वाटतो.

खटले चालू असतानाच वाटेचे काम पुढे सरकत होते, कारण पैशाची अडचण एका दांपत्याने दूर केली. एडवर्ड जोन्स आणि त्यांच्या पत्नी पॅट जोन्स हे ते दांपत्य. जोन्स यांची गुंतवणुकीची पेढी होती, आणि तिची वाढ लहान लहान गावांत शाखा काढूनच झालेली. मार्ग मिळवण्यासाठी त्यांनी दोन लाख डॉलर दिले आणि वाट बांधण्यासाठी पुढे वीस लाख. १९९० साली रोशपोर्टजवळ वाटेचा पहिला तुकडा खुला झाला. त्याच वर्षी एडवर्ड जोन्स वारले. पुढे १९९१ साली ‘युनियन पॅसिफिक’ या रेल्वे कंपनीने सिडेलियापासून क्लिंटनच्या बाजूचा तेहतीस मैलांचा तुकडाही देऊन टाकला.

वाट बांधण्याची रीत साधी आहे. रूळ आणि स्लीपर काढायचे, जुना भराव सारखा करायचा, त्यावर चुनखडीची बारीक कच पसरून रोलर फिरवायचा. पाऊस पडला की कच घट्ट बसते. पुलांवर लाकडी फळ्या आणि कठडे. मोटारींना बंदी. काही ठरावीक भागांत घोडेस्वारांना परवानगी आहे.

पण नदीने पाठ सोडली नव्हती. १९९३ साली मिसूरी आणि मिसिसिपी या दोन्ही नद्यांना महापूर आला आणि नव्या वाटेचा मोठा भाग खराब झाला. रेल्वे कंपनीने १९८६ साली हात टेकले होते. या वेळी राज्याने वाट पुन्हा बांधली. यात एक हिशोबही आहे. रुळांवरून हजारो टनांची गाडी जायची असते, तेव्हा भरावातली लहानशी खचही जिवावर बेतते. माणूस आणि सायकल यांना कच टाकून सारखा केलेला भराव पुरतो.

आज ही वाट सुमारे २४० मैल लांब आहे. मुंबईहून रेल्वेने पुण्याला जाऊन परत यावे, एवढे हे अंतर. २०१२ साली राज्याने केलेल्या पाहणीत असे दिसले, की वर्षाला सुमारे चार लाख लोक या वाटेवर येतात आणि त्यांच्यामुळे वर्षाला सुमारे १ कोटी ८५ लाख डॉलरची उलाढाल होते. सायकलवाल्याला भूक लागते, तहान लागते, चाक पंक्चर होते, रात्री अंग टाकायला जागा लागते. गाडी गेल्यावर ज्या गावांत वर्दळ राहिली नव्हती, तिथे खाणावळी निघाल्या, जुन्या घरांतून पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या, सायकली भाड्याने मिळू लागल्या.

मात्र यावरून कोणी असा समज करून घेऊ नये, की रेल्वे गेल्याने गावाचे भलेच झाले. वाटेवरून मक्याची पोती बाजाराला जात नाहीत. पाहुणे येतात ते बऱ्या हवेत, थंडीच्या दिवसांत वाट ओस पडते. गाडीची जागा वाट घेऊ शकत नाही. गाडी गेल्यावर जे उरले ते वाया जाऊ न देणे, एवढेच वाटेचे काम, आणि ते काही थोडे नव्हे.

सलगपणाचे मोल केवढे, हे सांगणारी आणखी एक गोष्ट. बूनव्हिल गावापाशी मिसूरी नदीवर याच रेल्वेचा १९३२ सालचा एक पूल आहे. खालून जहाज जावे म्हणून त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जाई. रेल्वे कंपनीला पुढे त्या पुलाचे पोलाद काढून दुसरीकडे वापरायचे होते. गावकऱ्यांनी आणि वाटेच्या चाहत्यांनी हरकत घेतली. त्यांचा एक मुद्दा असा होता, की मार्ग ठेव म्हणून ठेवला आहे, मग मधला पूलच काढून नेला तर ठेवीत शिल्लक काय राहिले? वाद कित्येक वर्षे चालला. अखेर २०१० साली कंपनीने पूल गावाला द्यायचे कबूल केले.

मंडळी, या हकीकतीवरून आपल्याकडे तसेच्या तसे काही करावे, असे सांगण्याचा हेतू नाही. आपल्याकडे रेल्वेची जमीन बहुतेक ठिकाणी संपादन करून मालकीने घेतलेली असते. वहिवाटीचा तो पेच आपल्याकडे सहसा पडत नाही. परंतु सोडून दिलेले मार्ग आपल्याकडेही आहेत. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी गाडी एका टोकाला जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूला लावले जाई आणि मग गाडी उलट्या दिशेने चढे. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते उलटसुलट स्टेशन सुटले. त्याच्या खुणा अजून डोंगरात आहेत. विदर्भात यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर यांना जोडणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ बंद पडली. ती रुंद रुळांवर पुन्हा धावावी, अशी तिथल्या लोकांची मागणी आहे. अशा ठिकाणी गाडी परत येवो किंवा दुसरा काही उपयोग होवो, पट्टी अखंड राहिली तरच दोन्ही दारे उघडी राहतात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना जाता जाता एक सुचवावेसे वाटते. चढ म्हणजे काय, हे मुलांना शाळेसमोरच्या रस्त्यावर शिकवता येईल. गवंडी पातळी पाहायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती घ्यावी. शंभर फुटांवर दोन काठ्या उभ्या कराव्यात. नळीतल्या पाण्याच्या पातळीवरून दोन्ही काठ्यांवर खूण करावी आणि त्या खुणा जमिनीपासून किती उंच आहेत ते मोजावे. दोन मापांतला फरक म्हणजे शंभर फुटांतला चढ. तो जर तीन फूट निघाला, तर गाडीला दर टनामागे किती जादा जोर लागेल, ते मुलांनाच काढू द्यावे. मात्र हा प्रयोग चालू रुळांजवळ कधीही करू नये. पुढे कधी गाडीने जाताना रुळांच्या कडेला चढ दाखवणाऱ्या लहान पाट्या दिसतील. त्यांवरचे आकडे मुले आपण होऊन वाचू लागतील.

रेल्वे बांधताना कोणी डोंगर कापला, कोणी भरावावर माती वाहिली, कोणी आपल्या शेतातून वाट दिली. मिसूरीत गाडी गेली, तरी त्या साऱ्यांच्या कष्टांचे काहीतरी चीज झाले, कारण लोकांनी पट्टी तुटू दिली नाही. आणि ज्यांच्या शेतातून ती जाते त्यांनी आपला हक्क मागितला, तेव्हा न्यायालयांनी तो ऐकून घेतला. या दोन्ही गोष्टी झाल्या म्हणूनच रूळ गेले तरी वाट राहिली.